लाल दिव्याखालची पिल्लं

शनिवारी सकाळी साडेनवाच्या सुमाराला पिल्लांच्या डोक्यावरचा उबेचा लाल दिवा टिक् करून गेला. आवाज एवढासाच, नखावर नख वाजावं तसा. पण स्वयंपाकघरात राईची भाकरी कापणाऱ्या सिनिक्काच्या हातातली सुरी थांबली. गेले तीन आठवडे तिचा एक कान सॉनाच्या दाराला लागलेलाच असे. ताम्पेरे शहराच्या टोकाला बैठ्या घरांची एक रांग होती, त्यातलं तिचं शेवटचं घर. त्या घरातला सॉना म्हणजे न्हाणीघराच्या पलीकडची दोन हात रुंद लाकडी खोली, चढत्या पायरीसारखी दोन बाकं आणि कोपऱ्यात दगडांनी भरलेली विजेची शेगडी. खालच्या बाकाशी मोठ्या खोक्यात कोंबडीची अकरा पिल्लं. शेगडीचा फ्यूज तिनं पहिल्याच दिवशी काढून साखरेच्या डब्यात टाकला होता, कारण शनिवारी पाच वाजले की हात आपोआप त्या बटणाकडे जातो, आणि साठ वर्षं सवय लागलेल्या हाताचा काय भरवसा? ती आत गेली. अंधारात चिवचिव होती, पण रोजच्यापेक्षा पातळ. नवा लाल दिवा घरात नव्हता. तिनं चाचपडत भिंतीवरचा साधा पांढरा दिवा लावला, खोक्यात वाकून पाहिलं, आणि भुशावर ठिकठिकाणी तांबडे ठिपके दिसले.

आधी तिला वाटलं, कुठल्याशा पिल्लाचा पाय कापला असेल. मग तिनं एक ठिपका बोटानं उचलला. शीट होती, रक्तानं भिजलेली. आठ पिल्लं भांड्याभोवती घोटाळत होती आणि तीन एका कोपऱ्यात पिसं फुगवून, पंख खाली सोडून, डोळे मिटून उभी होती, देवळाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. ह्यातल्या प्रत्येकाची कुंडली तिला पाठ होती. ते फिकट तपकिरी दुसऱ्याच दिवशी ढुंगणाशी शीट वाळून वाट बुजल्यामुळे मरायला टेकलं होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तिनं अर्धा तास ती गाठ सोडवली होती. ते काळं, पाय दोन दिशांना फाकत जन्मलेलं. त्याच्या दोन्ही पायांना मिळून तिनं चिकटपट्टीचा बंध घातला आणि पाचव्या दिवशी ते धावायला लागलं. आता तेच काळं कोपऱ्यात उभं होतं. आईच्या कोंबड्यांचा हा शेवटचा वंश. आई, लेम्पी, जानेवारीत गेली. गावाकडच्या घरात उरलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांची अंडी शेजाऱ्यानं यंत्रात उबवून दिली, आणि ही अकरा निघाली. काळ्याला तळहातावर घेताना सिनिक्काच्या तोंडून निघून गेलं, “थंडी वाजतेय गं तुला.” आणि आपलाच आवाज ऐकून ती दचकली. हे वाक्य तिनं पूर्वी एकदा म्हटलं होतं. जवळजवळ ह्याच शब्दांत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर भेटल्या. आवाजावरून तिशीच्या असाव्यात. मागे कुत्रं भुंकत होतं. “किती दिवसांची?” त्यांनी विचारलं. “आज बावीस.” “भुसा ओला आहे का? पाण्याच्या भांड्याखाली हात घालून बघा.” सिनिक्कानं हात घातला. ओलाच होता, उबदार ओला. “मग झालं. रक्ती हगवण. ओल ही तिची आई. भांडं विटेवर ठेवा, सगळा भुसा काढा, जाळून टाका, जमीन कढत पाण्यानं घासा. औषध लिहून पाठवते, ते पाण्यातून द्यायचं.” मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “रक्त आजच दिसलं?” “लाल दिवा होता हो.” “अहो बाई, लाल दिव्यात लाल काय दिसणार, कपाळ?” सिनिक्काला हसू आलं आणि लाजही वाटली. नोकरीची पहिली वीस वर्षं तिनं इस्पितळातल्या क्ष-किरणांच्या अंधारखोलीत फिल्मा धुण्यात काढली होती. तिथल्या लाल उजेडात कुणी लाल पेन्सिलीनं चिठ्ठी ठेवली तर कागद कोरा दिसायचा. नव्या मुलींची ती पहिली थट्टा असायची. इतकं माहीत असून तिनं तीन आठवडे कोरा कागद वाचला होता. “वाईट वाटून घेऊ नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सगळेच फसतात. थंडी वाजल्यासारखी उभी राहतात ना ती, म्हणून लोक ऊब वाढवत बसतात आणि दोन दिवस हकनाक जातात.” सिनिक्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “ह्यानं रात्रीत मरतात का?” “काही रात्रीत. काही मग आठवडाभर, एकेक करून.” ह्या उत्तरानंतर बाईंना दोनदा हॅलो म्हणावं लागलं.

औषध आणायला निघाली तेव्हा ट्राममध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर मे महिना होता, बर्च झाडांवर उंदराच्या कानाएवढी पानं फुटलेली, बर्फावर पाय घसरू नये म्हणून हिवाळ्यात टाकलेली खडी रस्त्याकडेला अजून तशीच. सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं, कारण ती सात वर्षांची झाली होती. सावो भागातलं घर, उतारावर तळं, तळ्याकाठी धुरानं काळवंडलेला लाकडाचा सॉना. त्या घरात जे जे नाजूक असे ते सॉनात जाई. सिनिक्का तिथेच जन्मली, आजोबांना शेवटचं तिथेच न्हाऊ घातलं, आणि दर वसंतात पिल्लांचं खोकं तिथल्याच खालच्या बाकावर. रोज संध्याकाळी आई भट्टीत चार लाकडं जाळी, निखारे होऊ देई आणि मग धुराड्याची लोखंडी झडप आत ढकलून ऊब कोंडून ठेवी. ती झडप कधी लावायची, ह्यातच माणसाची अक्कल. उशीर केला तर सगळी ऊब आभाळात. घाई केली तर निखाऱ्यांतला विषारी वायू खोलीत, ना वास ना धूर, माणूस झोपल्या जागी खलास. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असेपर्यंत वायू आहे. आईचं वाक्य घरात भिंतीसारखं उभं असे : निळं दिसतंय तोवर झडपेला हात नाही. त्या संध्याकाळी गाय अडली होती, आई गोठ्यात होती. दोघा भावंडांना तिनं पाठवलं ते फक्त पिल्लं बघून यायला. धाकटा ताइस्तो पाच वर्षांचा. तो दाराबाहेरच थांबला. आत पिल्लं कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. थंडी वाजतेय गं तुम्हाला, असं म्हणून सिनिक्का पालथ्या बादलीवर चढली. निखाऱ्यांवर निळं होतं. थोडंसंच होतं, एका टोकाला, निरोप घ्यायला रेंगाळल्यासारखं. उद्या आई म्हणेल, शहाणी गं माझी बाय ती. लोखंड गार होतं. झडप करकरत आत गेली.

सकाळी सात पिल्लं मेलेली होती. आईनं दोघांना अंगणात उभं केलं आणि हात पुढे करा म्हणाली. सिनिक्काचे हात स्वच्छ होते. रात्री जेवणाची पानं मांडायची म्हणून तिनं ते धुतले होते. ताइस्तोच्या बोटांना काजळी होती. त्याच्या बोटांना नेहमीच काही ना काही असायचं. आईनं त्याला मारलं नाही. ती नुसती म्हणाली, “झडप लावलीस होय रे,” आणि तो रडायला लागला. पाच वर्षांचं पोर, कुणी काही विचारलं की रडायचंच. सिनिक्का बोलली नाही. एक दिवस बोलली नाही, मग न बोलणं सोपं होत गेलं. गावात ताइस्तोचं नाव पडलं झडप्या. शाळेत झडप्या, सैन्यात गेला तर गावचा एक जण तिथेही भेटला, तिथेही झडप्या. तो हसून घ्यायचा. मोठेपणी ताम्पेरेत येऊन त्यानं सदतीस वर्षं बस चालवली, एकदाही कुणाला धक्का न लावता. पण भट्टी त्यानं आयुष्यात कधी पेटवली नाही. जून महिन्यातल्या सणाला सगळे गावाकडे जमले की सिनिक्काचे जावई सॉना तापवत, आणि घरचा पुरुष असून हा तळ्याच्या धक्क्यावर पाय सोडून बटाटे सोलत बसे. “मी सॉनात हात घातला तर सगळ्यांना झोपवीन हो कायमचं,” असं म्हणून आधी तोच हसायचा, म्हणजे दुसऱ्याला हसायची गरज पडू नये. त्याच्या बायकोला, रित्वाला, हा विनोद वाटे. एकदा त्यानं निखारे नुसते वाकून बघितले तर म्हातारी आई बाकावरून ओरडली होती, “झडपेला हात लावू नकोस रे!” तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. सिनिक्कानं मनात ठरवून टाकलं होतं, आई गेली की सांगायचं. आई जाऊन चार महिने झाले होते. दर शनिवारी पाच वाजता ताइस्तो टॉवेल आणि सॉसेजं घेऊन तिच्याकडे सॉनाला येई, दर शनिवारी ती ठरवी, आणि दर शनिवारी सॉसेजं खाऊन तो घरी जाई.

पण औषधाच्या दुकानातल्या रांगेत, हातात नंबराचा कागद धरून उभं असताना, तिला एक गोष्ट आठवली. पिल्लं फक्त त्या रात्रीच मेली नव्हती. झडप उघडली, दारं-खिडक्या सताड उघडल्या, तरी तिसऱ्या दिवशी दोन गेली, पाचव्या दिवशी एक, पुढच्या रविवारी शेवटचं. आई म्हणायची, वायू छातीत बसलाय. वायू काय आठवडाभर छातीत बसतो? आणि भुसा. वायूनं मेलेल्या पिल्लांचा भुसा कुणी जाळतं? आईनं तो पाटीत भरून सॉनाच्या मागे नेला होता. सावलीत तिथे हिवाळ्यातल्या बर्फाचा शेवटचा मळका ढीग उरला होता, त्याच्यावर तिनं पाटी उपडी केली आणि वर रॉकेल ओतलं. पेटवण्याआधीचा तो एक क्षण सिनिक्काच्या डोळ्यांपुढे आला. बर्फावर भुसा, आणि भुशात लाल ठिपके. तिला तेव्हा वाटलं होतं, रानातल्या लाल लिंगनबेरी सांडल्यात. मग आईनं सॉनाची जमीन राखेच्या पाण्यानं दोन दिवस घासली, हात सोलवटून निघेपर्यंत. दुकानातल्या पोरीनं तिसऱ्यांदा नंबर पुकारला तेव्हा मागच्या माणसानं सिनिक्काला हलकेच कोपरानं ढोसलं.

आईला माहीत होतं. परत येताना ट्राम तीच होती, झाडं तीच होती, आणि आईला माहीत होतं. अख्खं गाव लेम्पीकडून पिल्लं नेई. लेम्पीची कोंबडी म्हणजे बर्फात अंडी घालणारी, असं सांगत नेई. लेम्पीकडे रोग शिरलाय हे एकदा पसरलं असतं तर पुन्हा कुणी त्या फाटकाशी फिरकलं नसतं. त्यापेक्षा पोरानं झडप लावली हे बरं. पोराचं काय, पोरं मोठी होतात, लोक विसरतात. लोक विसरले नाहीत. सिनिक्काला आईचा राग आला, इतका की तिला ट्राममध्ये कोटाची वरची गुंडी सोडावी लागली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे तो राग नुसता अंगात फिरत राहिला. आणि त्याच्या मागोमाग, चोरपावलांनी, सुटकेची एक झुळूक आली. म्हणजे मी मारली नव्हती. माझ्या हातून काहीच झालं नव्हतं. आणि मग लगेच, इतकं लगेच की तिला स्वतःचीच शिसारी आली, एक हिशेबी विचार : मग सांगायलाच कशाला हवं? ताइस्तोला एवढंच सांगावं की रोग होता. तुझा दोष नव्हता रे, रोग होता. तो मोकळा. झडप कुणी लावली, ह्याचा आता काय संबंध? सापही मेला आणि काठीही तुटली नाही. घर येईपर्यंत तिनं ते वाक्य चार वेळा मनात म्हणून बघितलं. दर वेळी ते चांगलं वाटलं.

दुपारभर तिनं राबून घेतलं. पिल्लं न्हाणीघरातल्या टोपलीत काढली, आजारी तीन वेगळी ठेवली, भुसा पिशवीत बांधला, बाकं आणि जमीन कढत पाण्यानं घासली. घासता घासता आपल्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. ते आईचे हात होते, बोटांची पेरं तशीच लाल झालेली. कोरडा भुसा पसरला, वीट ठेवली, औषधाचं पाणी भरलं. फिकट तपकिरी चारच्या सुमाराला गेलं, अगदी मुकाट्यानं, मान बाजूला टाकून. इतका कापूस, इतकं कोमट पाणी, आणि शेवटी हेच. तिला रडू आलं. एका कोंबडीच्या पोरासाठी एवढं रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि ते सगळं त्याच्याचसाठी नव्हतं हेही तिला कळत होतं.

पाच वाजता दाराची घंटा वाजली. ताइस्तो दारात, खांद्यावर टॉवेल, हातात सॉसेजांची पिशवी. “हा सॉनावाचून चौथा शनिवार,” तो बूट काढत म्हणाला. “आता बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. अजून किती दिवस त्या राण्यांचा मुक्काम?”

“तुमच्या इमारतीत आहे की सॉना.”

“तिथं लोक राजकारण बोलतात. तू बोलत नाहीस, म्हणून तर येतो.” मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. “काय झालं गं? रडलीस की काय?”

“एक गेलं. दोन आजारी आहेत. ये, बघ.”

दोघं सॉनात खालच्या बाकावर बसली, कपड्यांनिशी, गार शेगडीसमोर, पांढऱ्या उजेडात. असं ती कधीच बसली नव्हती. तिनं काळं पिल्लू त्याच्या ओंजळीत दिलं आणि हातात ड्रॉपर. “चोचीच्या कडेला एकेक थेंब सोड. घाई करू नकोस, ठसका लागेल.” त्याचे स्टिअरिंगवर रुंद झालेले हात, पिल्लू त्यात कुठल्या कुठे गेलं. पण थेंब त्यानं बरोबर सोडला. तिनं त्याला आजचं सगळं सांगितलं : दिवा, ठिपके, डॉक्टरीणबाई. मग आईची पाटी, बर्फ, लिंगनबेरी. एका आठवड्यात एकेक करून गेलेली पिल्लं. “रोग होता, ताइस्तो,” ती म्हणाली. “झडपेनं काही झालं नव्हतं. रोगच होता. आईला ठाऊक होतं.” वाक्य म्हणून झालं. ती वाट बघत राहिली.

ताइस्तो बराच वेळ थेंब सोडत होता. “असेल,” शेवटी तो म्हणाला. “पण झडप मी लावली होती ना. मेली नाहीत त्यानं, हे नशीब. मेली असती तर? निळं असताना लावली. एखादं बाळ असतं, आजी असती तिथं झोपलेली, तर?”

“तू पाच वर्षांचा होतास. तुला काय आठवतंय?”

“सगळं आठवतं. बादली आठवते. लोखंड गार होतं. करकर वाजली. आणि बोटांना काजळी. ती तर मी पाहिलीच, आईनं हात पुढे करायला लावले तेव्हा.” तो हसला नाही. “दर वेळी बसचं दार बंद करताना मला तो आवाज यायचा गं. सदतीस वर्षं.”

सिनिक्काच्या लक्षात आलं की बादली, गार लोखंड, करकर, हे सगळं तिचं होतं. तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पण झडपेखालची पालथी बादली आईनं पाहिली होती, ती झडप करकरते हे गावाला ठाऊक होतं, आणि गावानं इतक्यांदा सांगितलं, इतक्या तिखटमिठासकट सांगितलं, की ते त्याच्या अंगात उतरून त्याचं होऊन बसलं होतं. तिची ती संध्याकाळ तो जन्मभर वागवत आला होता. रोगाचं नाव सांगून ती सुटली असती. तो सुटत नव्हता.

“झडप तू लावली नाहीस,” ती म्हणाली. “तू आत आलाच नव्हतास. दाराबाहेर उभा होतास. झडप मी लावली.”

पिल्लाच्या चोचीवर थेंब तसाच लटकून राहिला.

“मला वाटलं त्यांना थंडी वाजतेय. बादलीवर मी चढले. निळं होतं, मला दिसत होतं.”

“आणि मला झडप्या म्हणवून घेतलंस. साठ वर्षं.”

“हो.”

“तूही म्हणायचीस.”

“हो. मीही म्हणायचे.”

तो उठेल आणि टॉवेल घेऊन निघून जाईल असं तिला वाटलं, आणि तो गेला असता तरी ती काही बोलली नसती. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती. पण त्याच्या ओंजळीत पिल्लू होतं, आणि ओंजळीत पिल्लू घेऊन माणसाला तावातावानं उठता येत नाही. तो आपल्या बोटांकडे बघत होता. “मग काजळी?” त्यानं विचारलं, आणि आवाज पाच वर्षांच्या मुलाचा होता. “माझ्या बोटांना काजळी होती. ती खोटी नाही. ती कुणाची?”

तिनं हा विचार कधीच केला नव्हता. साठ वर्षांत एकदाही नाही. आता केला, आणि लगेच दिसलं : सॉनाचं दार, मे महिन्यातली न मावळणारी संध्याकाळ, अंगणात खुंटीला बांधलेला शेजाऱ्यांचा मेंढा. ताइस्तो त्या मेंढ्याला भ्यायचा. अंगण ओलांडायचं म्हटलं की तिथंच पाय रोवून उभा राहायचा.

“माझी,” ती म्हणाली. “मेंढा होता ना. तू घाबरला होतास. मी तुझा हात धरून तुला घरापर्यंत नेलं.”

ताइस्तोनं चेहरा फिरवून शेगडीकडे केला आणि शर्टाची बाही डोळ्यांवरून ओढली, एकदा, मग पुन्हा एकदा. खोक्यातली पिल्लं नव्या भुशात चोची मारत होती. थोड्या वेळानं त्याच्या ओंजळीतल्या काळ्यानं डोळा उघडला, चोच वर केली आणि ड्रॉपरच्या टोकावरचा थेंब आपणहून ओढून घेतला.

“प्यायलं,” तो म्हणाला.

“अजून दे.”

त्यानं आणखी दिलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “जूनमध्ये गावचा सॉना मी तापवणार. लाकडं मी फोडणार, भट्टी मी पेटवणार. जावयांना सांग, बटाटे सोला म्हणावं.”

“सांगते.”

“आणि झडप मी लावणार. तू तिकडं फिरकायचंसुद्धा नाहीस.”

“नाही फिरकत,” ती म्हणाली, आणि मग तिच्याच्यानं राहवलं नाही. “पण निळं गेल्यावर हं, ताइस्तो.”

“माहितीये गं,” तो म्हणाला. “साठ वर्षं तेवढंच तर ऐकतोय.”